शुगर सापडलेली माणसे परत का येत नाहीत?

वाचकाचे पत्र: मी चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात आशा म्हणून काम करते. माझ्याकडे मूळ गाव आणि पावरा समाजाचे दोन पाडे आहेत. गेल्या वर्षी गावात मोठे आरोग्य शिबिर झाले, त्यात बऱ्याच जणांची शुगर वाढलेली निघाली. सगळ्यांना चिठ्ठ्या दिल्या, काहींना पंधरा दिवसांच्या गोळ्याही दिल्या. पण त्यानंतर निम्मे लोकसुद्धा पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) गेले नाहीत. घरी जाऊन विचारले तर बाया म्हणतात, "गोई खादी का चक्कर येस" (गोळी खाल्ली की चक्कर येते). पाड्यावरचे लोक हसतात आणि म्हणतात की शुगर हा शेठजीचा आजार आहे, आम्हा मजुरांना कुठून होणार? मला मिळालेल्या आहाराच्या तक्त्यात ओट्स, सॅलड आणि सफरचंद आहे, तो मी कुणाला दाखवू? सरपंच म्हणतात की यंदा आणखी मोठे शिबिर घेऊ आणि जळगावहून तज्ज्ञ बोलावू. मी काय करावे?
— एक आशाताई

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्राच्या शेवटापासून सुरुवात करते, कारण तिथले उत्तर सर्वांत सोपे आहे. यंदा शिबिर घेऊ नका. सरपंचांचा हेतू चांगला आहे, आणि मंडप, नारळ, सत्कार यांविषयी माझी काही तक्रार नाही. परंतु ज्यांना मधुमेह आहे अशा अनेकांची नावे गेल्या वर्षापासूनच तुमच्या वहीत आहेत, आणि त्यांचेच बोट पुन्हा टोचून तीच बातमी त्यांना दुसऱ्यांदा सांगण्यात कुणाचा काही फायदा नाही. इतक्या वर्षांच्या दवाखान्यात मी पाहत आले आहे की, मजुरांच्या, पाड्यावरच्या आणि हातावर पोट असलेल्या माणसांच्या मधुमेहात खरी गळती होते ती पहिल्या आणि दुसऱ्या भेटीच्या मध्ये. पैसेवाल्याचा मधुमेह आणि मजुराचा मधुमेह एकाच दिवशी सापडला, तरी पाच वर्षांनी एकाचा पाय शाबूत असतो आणि दुसऱ्याचा नसतो, याचे कारण बहुतेक वेळा त्या दुसऱ्या भेटीत सापडते. म्हणून तुमची वही, तुमचा वेळ आणि सरपंचांचा पैसा हे सारे त्या दुसऱ्या भेटीवर लावा.

आता "गोई खादी का चक्कर येस" या वाक्याकडे वळते. आम्ही डॉक्टर मंडळी ते ऐकतो आणि "पेशंट ऐकत नाही" असे म्हणून मोकळे होतो, परंतु ते वाक्य बहुधा शब्दशः खरे असते. केळीच्या मळ्यात जाणारी बाई पहाटे उठते, चहा पिते, फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधते, सातच्या सुमारास गाडीत बसते आणि ते फडके सोडते ते थेट दहा-साडेदहा वाजता. चिठ्ठीवर मात्र "सकाळी एक" एवढेच लिहिलेले असते, त्यामुळे ती गोळी सहाच्या चहाबरोबर पोटात जाते. ती गोळी ग्लिमेपिराइडची असेल, तर ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडते. पोटात अन्न गेले आहे की नाही, याची ती वाट पाहत नाही. नऊ वाजता डोक्यावर शेणखताची पाटी असताना त्या बाईची शुगर ७० च्या खाली उतरते, हातपाय कापतात, दरदरून घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. दोनदा असे झाले की ती गोळी बंद करते. तिच्या जागी मी असते तर मीही बंद केली असती.

म्हणून घरी गेल्यावर "गोळ्या घेता का?" हा प्रश्न विचारू नका, त्याला सगळेच "हो" म्हणतात. गोळ्यांची पट्टी हातात घ्या, किती गोळ्या उरल्या आहेत ते मोजा आणि विचारा की गोळी किती वाजता घेता आणि पहिली भाकरी किती वाजता खाता. या दोन वेळांमध्ये तीन-चार तासांचे अंतर दिसले की चक्करेचे कारण बहुधा तिथेच असते. असे नाव वहीत वेगळे लिहा आणि ती वेळ सीएचओंना (उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना) किंवा वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगा. ग्लिमेपिराइड दिवसाच्या पहिल्या मुख्य जेवणाबरोबर घ्यायची असते, आणि ते जेवण मळ्यात होत असेल, तर गोळीही भाकरीच्या फडक्यातच बांधून जायला हवी, एवढा बदल ते लिहून देतील. डोस कमी करायचा असेल तर तोही त्यांनाच ठरवू द्या. मेटफॉर्मिन एकटीच चालू असेल तर शुगर सहसा अशी उतरत नाही, पण ती रिकाम्या पोटी घेतली तर मळमळते आणि जुलाब होतात, म्हणून तीही जेवणानंतरच घ्यावी. चक्कर येणाऱ्या प्रत्येकीच्या पिशवीत साखरेची पुडी असू द्या. शुगरच्या रोग्याला साखर कशी द्यायची, असे म्हणून सोबतच्या बाया घाबरतात. त्यांना सांगा की कापरे भरल्यावर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची आणि मागोमाग भाकरी खाऊ घालायची, पण बाई बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, १०८ ला फोन करायचा. एकादशी, नवरात्र किंवा तडवी वस्तीत रोजे पाळले जात असतील, तर हाच धोका उपासाच्या दिवशीही असतो, म्हणून उपास सुरू होण्याच्या आधी त्यांची गोळी एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या.

परत न येण्याचे दुसरे कारण तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे, ते म्हणजे खाडा. शुगर दुखत नाही आणि खाडा मात्र त्याच दिवशी दुखतो. औषध फुकट आहे, हे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते खरेही आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत काहीही पैसे लागत नाहीत. पण पीएचसीत जायचे म्हणजे जीपचे भाडे आणि बुडालेला रोज हे दोन्ही त्या फुकट गोळीच्या किमतीत धरावे लागतात. ती किंमत कमी करण्याची एक सोपी वाट तुमच्याच गावात आहे. आठवडे बाजाराच्या दिवशी मजूर सहसा कामावर जात नाहीत, हिशेब त्याच दिवशी होतो आणि पाड्यांवरची माणसे आपण होऊन खाली उतरतात. महिन्यातला एक बाजाराचा दिवस शुगर आणि बीपीसाठी ठरवून द्यावा, त्या दिवशी उपकेंद्र दुपारनंतरही उघडे ठेवावे आणि सीएचओंनी तिथेच शुगर पाहून महिन्याच्या गोळ्या द्याव्यात, अशी लेखी विनंती वैद्यकीय अधिकाऱ्यांना करा. ज्यांची शुगर काही महिने स्थिर आहे, त्यांना एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या देण्याबद्दलही विचारा. तोंडी विचारले तर "बघू" असे उत्तर मिळते, लेखी अर्जावर काहीतरी शेरा मारावाच लागतो.

पाड्यावरचे लोक हसतात, त्यांच्यावर रागावू नका, कारण कालपर्यंत त्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी बरोबर होते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीनुसार भारतात २०२१ मध्ये सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह होता आणि त्याहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर होते. याच पाहणीचे १५ राज्यांचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा बहुतेक ठिकाणी श्रीमंतांत मधुमेह अधिक दिसला. परंतु महाराष्ट्रासारख्या काही पुढारलेल्या राज्यांच्या शहरांत चित्र उलटे होऊन गरिबांतच तो अधिक आढळला. शेठजीचा आजार शेठजीच्या गड्याकडे आला आहे, आणि शहरातून खेड्याकडे यायला त्याला एसटीचीही गरज लागत नाही.

आणि बारीक माणसाला मधुमेह होत नाही, ही समजूत तर साफ चुकीची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळच्या खेड्यांतल्या मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ही बाळे जन्मतः सरासरी सुमारे २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी होती, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. कमी पडले होते ते स्नायू. अशी उपाशी गर्भात वाढलेली बाळे पुढे बरे दिवस आल्यावर मधुमेहाकडे लवकर झुकतात. सातपुड्यात कमी वजनाची बाळे किती जन्मतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. शिवाय लहानपणीच्या कुपोषणातून येणारा, तरुण आणि हडकुळ्या माणसांना होणारा मधुमेहाचा एक वेगळा प्रकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये त्याची नोंद घेतली होती, १९९९ मध्ये ती काढून टाकली, आणि २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला 'टाइप ५' या नावाने पुन्हा मान्यता दिली. ज्याचा आजार गरिबीतून आला, त्याचे नावच यादीतून पंचवीस वर्षे गायब होते, हे मला आजही खटकते.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा की तुम्ही घरोघरी आजारांचा धोका मोजायला भरता त्या सीबॅक फॉर्ममध्ये कंबरेच्या मापाला गुण आहेत, त्यामुळे बारीक मजुराचे गुण कमीच भरतात. पण गुण कमी आले तरी ३० वर्षांवरच्या प्रत्येकाची शुगर तपासायचीच असते. आणि तिशीच्या आतला एखादा मुलगा झपाट्याने वाळत असेल, रात्री चार-चार वेळा लघवीला उठत असेल, सारखे पाणी मागत असेल, तर फॉर्मची वाट न पाहता त्याच दिवशी त्याची शुगर पाहा. ती फार वाढलेली निघाली तर त्याला कदाचित लगेच इन्सुलिन लागेल, तेव्हा त्याला चिठ्ठी देऊन सोडू नका, ग्रामीण रुग्णालयापर्यंत सोबत जा. अशा मुलाला खोकला असेल तर थुंकीही तपासून घ्या, कारण क्षय आणि मधुमेह अनेकदा जोडीने येतात.

आता माझी स्वतःची एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एक तरुण पावरा रुग्ण माझ्याकडे पायाची जखम घेऊन आला. मी एचबीएवनसी करायला सांगितले, ते ५.६ आले, आणि मधुमेह नाही असे सांगून मी त्याला मलमपट्टी करून परत पाठवले. सहा आठवड्यांनी तो आला तेव्हा जखम वाढलेली होती आणि जेवणानंतरची शुगर ३०० च्या पुढे होती. त्याला सिकलसेलचा, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार होता आणि तसे कार्ड त्याच्या खिशात होते. मी ते मागितलेच नव्हते. एचबीएवनसी ही तपासणी तांबड्या पेशी तीन-चार महिने जगतात, हे गृहीत धरून शुगरचा तीन महिन्यांचा हिशेब देते. सिकलसेलच्या आजारात त्या पेशी कितीतरी लवकर मरतात, त्यामुळे आकडा खोटाच कमी येतो. उलट, लोहाच्या कमतरतेने अंगात रक्त कमी असलेल्या बाईत तो खोटाच जास्त येऊ शकतो. केवळ सिकलसेल वाहक असलेल्यांत फरक सहसा थोडा पडतो, आणि तोही यंत्राच्या पद्धतीवर अवलंबून असतो. सातपुड्याच्या भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल पुष्कळ आहे, म्हणून पाड्यांवर या एका आकड्यावर कधीच विसंबू नका. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून अधिक, अथवा ग्लुकोज पाजल्यावर दोन तासांनी २०० किंवा त्याहून अधिक, हे आकडे पाहायचे आणि लक्षणे नसतील तर दुसऱ्या दिवशी पुन्हा खात्री करायची. रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवताना चिठ्ठीच्या डोक्यावर सिकलसेलचा निकाल ठळक लिहा. आमच्यासारख्यांना त्याची गरज असते.

आहाराचा तक्ता घरीच ठेवा. ज्या घरात रेशनच्या गहू-तांदळावर महिना निघतो, तिथे सफरचंदाचे चित्र दाखवणे म्हणजे चेष्टा आहे. त्याच घराण्यातले ते दुसरे पोस्टर, दिवसभर वाकून निंदणी करणाऱ्या बाईला रोज अर्धा तास चालायला सांगणारे. तेही खाली उतरवा. तुम्ही मात्र त्यांच्या ताटाकडे नीट पाहा. ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी चांगलीच, ती भातापेक्षा आणि मैद्यापेक्षा केव्हाही बरी, पण भाकरी म्हणजे औषध आहे असे सांगू नका, कारण तीही शेवटी पिष्टच आहे आणि नुसत्या ठेच्याबरोबर चार भाकरी खाल्ल्या तर शुगर वाढणारच. त्या चार होतात, कारण ताटात दुसरे काही नसते. म्हणून आधी काहीतरी वाढा आणि मग भाकरी कमी करायला सांगा. शेतातलीच चवळी, मठ, कुळीथ यांची वाटीभर उसळ, तुरीच्या डाळीचे फुणके, बांधावरचा तांदुळजा, चिवळ, अंबाडी, मूठभर शेंगदाणे, परवडेल तेव्हा अंडे. यांनी पोट भरले की चौथी भाकरी आपोआप सुटते. कळण्यात उडीद असतो, त्यामुळे शक्य असेल त्यांनी तीच भाकरी करावी. रेशनचा तांदूळ टाकून देता येत नाही, तेव्हा भात एकाच वेळी, वाटीभर आणि वरणासोबत घ्यावा. दिवसातले चहा मोजायला लावा. चार चहांत दोन-दोन चमचे साखर म्हणजे आठ चमचे झाले, हा हिशेब प्रत्येकीला पटतो. आणि केळीच्या पट्ट्यात राहून केळे खाऊ नका असे सांगण्यात अर्थ नाही. मळ्यात पिकलेली केळी फुकट मिळतात आणि बाया भाकरीवरून तीन-तीन खातात; जेवणावर न खाता मधल्या वेळी एकच लहान खावे, असे सांगा.

डोंगरच्या झाडपाल्याविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण तो प्रश्न येणारच. भगताला किंवा त्याच्या पाल्याला नावे ठेवू नका. पाला घेत असाल तर मला दाखवा, पण गोळी बंद करू नका, एवढेच सांगा. बंदी घातली तर ते पाला सोडणार नाहीत, फक्त तुम्हाला सांगायचे सोडतील.

इन्सुलिन लागले म्हणजे शेवट आला, ही भीती घालवायला वेळ लागतो, पण ती भीती नसलेल्या घरातही फ्रीज नसतो. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते, म्हणून ती उपकेंद्राच्या फ्रीजमध्ये ठेवू देण्याबद्दल आरोग्यसेविकेशी बोला. लसींच्या पेटीत इतर औषधे ठेवू देत नाहीत, तेव्हा साधा फ्रीज असेल तरच हे जमेल. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे थंड जागी टिकते, परंतु पारा ४५ वर जाणाऱ्या आपल्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत थंड जागा उरत नाही. मोठ्या माठात ओली वाळू, त्यात लहान मडके, मडक्यात पिशवीत गुंडाळलेली बाटली आणि वर ओले फडके, अशी सोय करा. हवा जितकी कोरडी तितके पाणी वेगाने उडते आणि आतला गारवा टिकतो, म्हणून खान्देशचा कोरडा उन्हाळा या कामी उपयोगी पडतो. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवायची, बाटली पाण्यात बुडू द्यायची नाही.

त्याच उन्हाळ्यात पाय जातात. मधुमेहाने तळव्याची जाणीव कमी झालेला माणूस दुपारी तापलेल्या फुफाट्यातून अनवाणी जातो आणि फोड आलेला त्याला रात्री चादरीवरच्या डागावरून कळतो. रोज संध्याकाळी पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या आणि घरातल्या मुलाने किंवा सुनेने तळवे पाहायचे, ही सवय लावा. चप्पल घालण्यापूर्वी उलटी करून झटकावी; काटा किंवा खडा आत असला तरी अशा पायाला तो कळत नाही.

आता सर्वांत अवघड भाग म्हणजे पाडे रिकामे होण्याचा काळ. दिवाळीनंतर जी कुटुंबे ऊसतोडीला किंवा इतर कामाला गुजरातेत जातात, ती होळीला परत येतात, आणि तोपर्यंत त्यांचे सगळे उपचार थांबलेले असतात. दसऱ्यालाच अशा माणसांची यादी करा: कोण जाणार, मुकादम कोण, कोणती गोळी, किती. जाण्यापूर्वी त्यांना शक्य तेवढ्या महिन्यांच्या गोळ्या मिळवून द्या आणि एका जाड कागदावर आजाराचे नाव, गोळ्यांची नावे व शेवटची शुगर लिहून तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या. असंसर्गजन्य आजारांचा हा राष्ट्रीय कार्यक्रम गुजरातेतही चालतो, त्यामुळे तिथल्या सरकारी दवाखान्यात हा कागद दाखवून गोळ्या मागता येतात. १४ अंकी आभा क्रमांक (डिजिटल आरोग्य खात्याचा) काढलेला असेल तर तोही त्याच कागदावर लिहा. जाणाऱ्यांत पोटुशी बाई असेल, तर जाण्यापूर्वी तिला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी शुगर पाहिली गेली आहे ना, याची खात्री करा. ती १४० किंवा त्याहून अधिक असेल, तर उसाच्या फडावर जाण्याबद्दल तिच्या घरच्यांशी डॉक्टरांनीच बोलावे. होळीला पाड्यावर ढोल वाजू लागले की तुमची वही घेऊन वर जा, कारण दोन दिवस सगळे घरी असतात.

सरपंचांना नाराज करायचे नसेल, तर शिबिराच्या खर्चाचाच दुसरा हिशेब त्यांच्यापुढे मांडा. मंडप आणि जेवणाच्या पैशांत एक चांगला ग्लुकोमीटर, वर्षभराच्या पट्ट्या, इन्सुलिनवाल्या घरांसाठी माठ आणि बाजाराच्या दिवशी पाड्यावरून म्हाताऱ्यांना आणणारी जीप एवढे बहुधा बसेल. पैसे कमी पडले तर ग्राम आरोग्य समितीचा अबंधित निधी आहे, आणि तुमचे पाडे अनुसूचित क्षेत्रात येत असतील तर आदिवासी भागातल्या गावांसाठीच्या पेसा कायद्याचा निधीही आहे. कोणता कशाला चालतो ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) आधी समजून घ्या आणि विषय ग्रामसभेत ठरावासह मांडा. उद्घाटन हवेच असेल, तर पहिल्या बाजारदिवसाच्या ओपीडीचे करावे आणि नारळही फोडावा. फक्त पट्ट्या एकदम घेऊ नका. डबीवर अंतिम तारीख असते आणि डबी उघडल्यावर त्या आणखी लवकर बिघडतात, म्हणून अर्ध्या आता आणि अर्ध्या पावसाळ्यानंतर घ्या, आणि डबीचे झाकण प्रत्येक वेळी घट्ट लावा.